मोरटोप्याचं शेवटचं चित्र

शहाद्याच्या एसटी स्टँडला लागून पूर्वी एक पत्र्याची टपरी होती. तिथे कॉमिक्स भाड्याने वाचायला मिळत. सुतळीवर चिमटे लावून पुस्तकं लटकवलेली असत आणि खाली एक लाकडी बाक. बाकावर बसूनच वाचायचं, घरी न्यायचं नाही, हा टपरीवाल्याचा कायदा. समोर सुरतच्या गाड्या धूर सोडत निघायच्या, कंडक्टर डबल बेल मारायचे, उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवून उभ्या राहायच्या, आणि आम्ही आपले कुठल्यातरी घनदाट जंगलात. पुस्तकं हिंदीत असायची. माझं हिंदी आजही त्याच बाकावरचं आहे. ‘खबरदार’ आणि ‘अब बचकर कहाँ जाएगा’ एवढं मला फार सफाईने म्हणता येतं. त्यापुढे हिंदी बोलायची वेळ आली की मी अडखळतो.

त्यातली एक मालिका म्हणजे माझा जीव की प्राण. दोन भाऊ. थोरल्याकडे बंदूक, धाकट्याकडे दोर. दोघे गोरे, दोघांचे केस वादळातसुद्धा विंचरलेले, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. आणि त्यांच्यासमोर तो. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राख, राखेवर पांढरे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरांचा पट्टा. तो यायचा असला की चित्राच्या कोपऱ्यात आधी नुसती ‘छन छन’ अशी अक्षरं दिसत आणि आम्ही बाकावर पाय वर घ्यायचो. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला मोरटोप्या म्हणायचो.

गल्लीत आमचा खेळही तोच. थोरला भाऊ नेहमी मी, कारण पुस्तकाचं भाडं मी भरायचो. मोरटोप्या कोण, तर जो खेळायला उशिरा येईल तो. त्याला चुलीतली राख फासायची, कानामागे पिसं खोचायची आणि उकिरड्यापर्यंत पिटाळत न्यायचं. एकदा मलाच उशीर झाला. राखेने माखून घरी गेलो तर आई उंबऱ्यातच उभी. “अंगले राख फासीसन घरमा उना त टांग तोडसू तुन्ही!” म्हणाली. त्या दिवसापासून मी कधी उशीर केला नाही.

मोरटोप्या दर वेळी निसटायचा, म्हणून तर मालिका चालायची. पण एक पुस्तक आलं, त्यात त्याचा शेवट होता. मुखपृष्ठावरच तसं छापलं होतं. मी धावत टपरीवर गेलो, वाचत वाचत टोकाला आलो. दोघा भावांनी त्याला कड्यावर गाठलंय, मागे दरी, पुढे बंदूक. मी पान उलटलं तर पुढे पानच नाही. फाडलेलं. मी टपरीवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, “मी काय करू भाऊ, होस्टेलना पोऱ्यासनी फाडं.” होस्टेल म्हणजे डोंगरातून शिकायला आलेल्या मुलांचं वसतिगृह. आठवड्याभरात टपरीवर पुठ्ठा लागला: ‘होस्टेलच्या मुलांना पुस्तक मिळणार नाही.’ बरी खोड मोडली, असं मला वाटलं. शेवट मात्र मला कधीच कळला नाही. मग मी चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर तो स्वतःच काढला, पुन्हा पुन्हा काढला. आईबापाला वाटलं पोरगा चित्रकार होणार. तिथून माझ्या धंद्याची सुरुवात झाली म्हणा.

आता मी चित्रकलेचा मास्तर आहे. सातपुड्यात, धडगावच्याही वरच्या अंगाला, एका आश्रमशाळेत. मुलं घरी पावरी बोलतात, काही भिली बोलतात. मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटते. मी खालचा, सपाटीवरचा, केळी-कापूसवाल्या घरातला. इथे इतकी वर्षं काढली की लोक मला आता इथलाच म्हणतात, आणि मीही मान डोलावतो.

आमच्या हेडमास्तरांना रिकामी भिंत दिसली की घेरी येते. या वर्षी जेवणाच्या हॉलबाहेरचा लांब व्हरांडा नव्याने प्लास्टर झाला. “सर, भिंत बोलकी करा,” ते म्हणाले. आता बोलक्या भिंती म्हणजे काय, तर घड्याळ, सूर्यमाला, बेडकाचं जीवनचक्र आणि ‘पाणी वाचवा’. असे बेडूक काढून माझ्या बोटांना आता शेवाळ धरायचं राहिलंय. मी म्हटलं, गोष्ट काढतो. रोज एक चौकट. मुलं जेवायच्या रांगेत उभी राहतील आणि आज काय झालं ते वाचतील. वाचनाची गोडी लागेल. हेडमास्तरांना ‘वाचनाची गोडी’ हे शब्द आवडले. कोणती गोष्ट, हे त्यांनी विचारलं नाही.

अर्थात दोघा भावांची. इतक्या वर्षांनी ती बोटांतून आपोआप उतरली. थोरल्याची हनुवटी, धाकट्याचा दोर, बुटांची चकाकी. वाक्यं मराठीत केली, मोठ्या अक्षरांत लिहिली. आणि काय सांगू, असं यश मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. मुलं ताटं घेऊन भिंतीसमोर बसू लागली. वरणभात थंड होतोय म्हणून स्वयंपाकीण माझ्यावर डाफरू लागली. मोठ्याने वाचून दाखवायचं काम एका मुलीने आपण होऊन घेतलं. चौथीतली, गणिताच्या सरांची मुलगी. आवाज खणखणीत. वाचताना थोरल्यासाठी एक आवाज, धाकट्यासाठी दुसरा. एखादं अक्षर पुसट झालं तर मला हाक मारून सांगायची, “सर, इथे रंग कमी पडलाय.”

गणिताचे सर माझे शेजारी. आमच्या दोन खोल्यांत एकच पातळ भिंत. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. ते इथल्याच दोन डोंगर पलीकडच्या गावचे, पावरा. शाळा-कॉलेज शहाद्यात झालेलं, त्यामुळे माझ्याशी मौजेत आले की अहिराणीत सुरू होतात, आणि माझ्यापेक्षा अस्सल बोलतात. त्यांच्या पत्नी गावी शेती आणि म्हातारी माणसं सांभाळतात, मुलगी शिकायला वडिलांजवळ. आम्ही दोघे एकमेकांना ‘सर’च म्हणतो, पण चहाची साखर कोणाकडे संपली आहे ते दोघांनाही ठाऊक असतं.

मागे या मुलीला कावीळ झाली होती. ती चढतच गेली. नंदुरबारच्या दवाखान्यात सर तिच्या उशाशी होते, आणि मी खालून चहा आणून देत होतो. डॉक्टर बोलायचे बंद झाले तेव्हा सरांनी मानता मानली: पोर वाचली तर पाच होळ्या बुध्या होईन. पोर वाचली. बुध्या म्हणजे होळीला नवस फेडणारा. तो होळीआधी काही दिवस खाटेवर बसत नाही, खुर्चीवर बसत नाही, चपला घालत नाही, स्वतःचं स्वतः रांधून खातो, आणि मग होळीला सजून नाचतो. सर त्या दिवसांत वर्गात तासन्‌तास उभे राहून शिकवायचे. मी थट्टा करायचो, “काय सर, खुर्ची टोचते का?” ते हसायचे. बुध्या सजतो कसा, ते मात्र मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. होळीची सुट्टी लागली की मी शहाद्याची पहिली गाडी धरायचो. घरी पुरणपोळी वाट बघत असायची. पेपरात दर वर्षी होळीचे फोटो येतात, ते मी पाहिले नसतील असं नाही. पाहिले आणि पान उलटलं.

तर भिंतीवर मोरटोप्याची पाळी आली. त्याच्यावर मी जीव ओतला. टोपातलं एकेक पीस वेगळं काढलं, राखेवर ठिपके बोटाच्या टोकाने उमटवले, भोपळ्यांना उजेड-सावली दिली. भावांपेक्षा तो सरस उतरला; खलनायक नेहमीच सरस उतरतात. खाली नाव लिहिलं: मोरटोप्या. संध्याकाळी मुलं आली, आणि पहिलीतली दोन पोरं त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली. मला हसू आलं. रविवारी पालक भेटायला येतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याने व्हरांड्याच्या पायरीवर चपला काढल्या, भिंतीपाशी गेला, गुडघे टेकून वाकून नमस्कार केला, आणि माझ्याकडे वळून माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे ओले होते त्याचे. मी म्हटलं, असू दे, असू दे.

गणिताचे सरही आले. बराच वेळ बघत राहिले. “टोप बरोबर काढलाय, सर,” म्हणाले. मग विचारलं, “पुढे काय होतं याचं?”

“पुढे बघा की!” मी म्हणालो. भिंतीसमोर उभ्या कलावंताने जसं म्हणावं तसंच म्हणालो.

त्याच आठवड्यात म्हसावदला मामेभावाच्या घरभरणीला गेलो होतो. पंगत उठल्यावर गप्पा रंगल्या. मी हा किस्सा सांगितला. मी सांगतो बरा. म्हाताऱ्याची चाल करून दाखवली, वाकणं करून दाखवलं. “कॉमिक्समधला व्हिलन आणि हे पाया पडताहेत!” सगळे खो खो हसले. मामी डोळे पुसत म्हणाली, “भोळा लोके शेतस रे बिचारा.” मला आणखी एकदा सांगायला लावलं, तेव्हा मी आणखी रंगवून सांगितलं. हे लिहिताना माझे कान तापताहेत, पण वगळलं तर पुढचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

पुढच्या चौकटींत गोष्ट वेगात आली. मोरटोप्या गावच्या विहिरीत विष टाकतो. मोरटोप्या एका लहान मुलीला पळवून गुहेत डांबतो. मोरटोप्या आगीभोवती नाचतो आणि खदाखदा हसतो. मुलं आता गप्प बसून बघायची. मला वाटलं, उत्कंठा. मुलं एवढी शांत बसणं म्हणजे मास्तरला पदकच. नमस्कार बंद झाले, तेही मला बरंच वाटलं. म्हटलं, आता गोष्ट कळायला लागली. गणिताच्या सरांच्या मुलीने मोठ्याने वाचणं सोडलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, घसा दुखतो. मी तिला हळद-दूध घ्यायला सांगितलं.

शेवटची चौकट तेवढी उरली होती. जे पान मला लहानपणी मिळालं नव्हतं, ते आता माझ्या हाती होतं. मी खडूने रेघा मारल्या. कड्याचं टोक, मोरटोप्या गुडघ्यांवर, धाकट्याच्या दोराने हात बांधलेले, टोप खाली पडलेला, आणि त्या मोरपिसांवर थोरल्याचा बूट. लहानपणी वहीत जसा काढायचो, तसाच. रंग दुसऱ्या दिवशी भरणार होतो.

दुसरा दिवस सुट्टीचा. होळी जवळ आली होती. सकाळी मी दाढी करत होतो आणि भिंतीपलीकडून बांबू तासण्याचा आवाज येत होता. मग मुलीचा आवाज आला. ती त्यांच्या बोलीत बोलत होती; इतक्या वर्षांत ती मला तेवढी कळते.

“पप्पा, यंदा नका ना होऊ.”

“का गं?”

“पोरं मला मोरटोप्याची पोरगी म्हणतात.”

तासणं थांबलं. सर म्हणाले, “ते चित्र आहे बाळा. गोष्टीतलं.”

“पण तसाच आहे ना! तसाच टोप, तसेच भोपळे. आणि तो विहिरीत विष टाकतो.” ती रडत नव्हती, हुज्जत घालत होती, मला अक्षर पुसट झाल्याचं सांगायची त्याच आवाजात. “सरांनी काढलाय. सर खोटं कशाला काढतील?”

मी अर्ध्या दाढीने बाहेर आलो आणि त्यांच्या अंगणात पाहिलं. सर जमिनीवर बसले होते, अनवाणी. समोर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप अर्धा विणून झालेला, बाजूला मोरपिसांचा जुडगा. खुंटीला सुक्या भोपळ्यांचा आणि घुंगरांचा पट्टा. जवळ वाटीत कालवलेली पांढरी माती. माझ्या भिंतीवरचा एकूण एक जिन्नस तिथे मांडून ठेवला होता. तो म्हातारा कोणाच्या पाया पडला, ते मला तेव्हा कळलं. माझा हात त्याने का धरला होता, तेही. त्याला वाटलं होतं, आजवर कोणी काढलं नाही ते या मास्तराने शाळेच्या भिंतीवर काढलं. आपला माणूस काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी मला बघून आत गेली. मी म्हणालो, “सर, मी आत्ता जातो आणि चुना मारतो.”

“दाढी त पुरी करा,” ते म्हणाले. मग म्हणाले, “चुना नका मारू.”

“का?”

“पोरं काय समजतील? आपला माणूस भिंतीवर आला, वाईट निघाला, म्हणून सरांनी पुसला. आता आहे त्याच्यापेक्षा वाईट होईल ते.”

“मग काय करू?”

“माले काय इचारी ऱ्हायनात? चित्र तुमनं शे.” अहिराणीत बोलले, पण मौजेत नव्हते.

मी उंबऱ्यावर टेकलो. मग तेच बोलू लागले, टोपाची कामटी वळवत वळवत. शहाद्याच्या वसतिगृहात असताना तेही त्या टपरीवर जायचे. सगळे मिळून एक पुस्तक घ्यायचे आणि एकाने वाचायचं, बाकीच्यांनी बघायचं. त्यांना तो फार आवडायचा. मोरटोप्या. बाजारात, शाळेत, स्टँडवर, कुठेच त्यांच्यासारखं कोणी नव्हतं; पुस्तकात एक होता, आणि दर वेळी निसटायचा. त्यांचे वडील बुध्या व्हायचे. पोरं म्हणायची, बघ, तुझा बाप छापून आला.

“मग शेवटचं पुस्तक आलं,” ते म्हणाले. “शेवटच्या पानावर ते दोघं त्याला बांधतात, आणि मोठा भाऊ त्याच्या टोपावर पाय देतो. ते पान मी फाडलं, सर. खिशात घातलं आणि नंतर चुलीत टाकलं. टपरीवाल्याने आम्हा सगळ्यांना बंदी केली. पोरं माझ्याशी महिनाभर बोलली नाहीत. पण मला बरं वाटलं. म्हटलं, आता शहाद्यात तरी कोणाला कळणार नाही त्याचं काय झालं.”

त्या पानासाठी मी लहानपणी किती शिव्या दिल्या होत्या, ते मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे खडूच्या रेघा होत्या. ते पान मी कधी पाहिलंच नव्हतं. मला कोणी सांगितलंही नव्हतं. तरी टोप खाली पडला होता आणि त्याच्यावर बूट आला होता. जे छापणाऱ्याला सुचलं, तेच शहाद्याच्या गल्लीतल्या एका पोराला आपोआप सुचलं होतं, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या मास्तरालाही तेच सुचलं.

“तुम्ही खडूचं बघितलंत का, सर?” मी विचारलं.

“कालच बघितलं,” ते म्हणाले आणि दाताने सुतळी तोडली.

मी व्हरांड्यात गेलो आणि ओल्या फडक्याने रेघा पुसल्या. मग तिथे काय काढावं याचा दिवसभर विचार केला. चूक निस्तरायची घाई माणसाला चुकीइतकीच मूर्ख करते की काय कोण जाणे. मी असं काढलं: थोरला भाऊ मोरटोप्याच्या गळ्यात पडलाय, धाकट्याने दोर टाकून दिलाय, तिघे हसताहेत, आणि वर ढगात लिहिलंय, ‘आम्हाला माफ कर, आमचा गैरसमज झाला.’ रंग भडक दिले. हेडमास्तर खूश, त्यांना त्यात राष्ट्रीय एकात्मता दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं ताटं घेऊन आली. गणिताच्या सरांची मुलगी पुढे झाली, सगळ्या चौकटी पहिल्यापासून मनात वाचत आली आणि शेवटच्या चित्रापाशी थांबली.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“मग विहिरीत विष कोणी टाकलं?” ती म्हणाली.

मी रंगाच्या डब्यांची झाकणं लावू लागलो. मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, “रंग चांगलाय, सर.” आणि जेवायला बसली.

यंदा होळीला मी शहाद्याची गाडी धरली नाही. घरी सांगितलं, शाळेत काम आहे. बायको म्हणाली, होळीला कसलं काम? मी फोन ठेवला. धडगावच्या बाजारातून साखरेचा एक हार मात्र आणवून घेतला होता. सरांच्या गावी मेळा होता. सर त्यांच्या माणसांबरोबर आदल्या दिवशीच निघून गेले होते. बुध्याने घरच्यांत मिसळायचं नसतं. मुलगी आणि तिची आई मला रस्त्यात भेटल्या. मुलगी नवीन झग्यात होती, गळ्यात चांदी. आई नात्यातल्या बायकांत गेली, आणि मुलगी माझ्याजवळ राहिली, कारण मला कोणी ओळखीचं नव्हतं. तिने मला मेळा दाखवला. हा मोठा ढोल, ही बासरी, इथे गूळ-डाळ्या मिळतात, तिकडे उभे राहू नका, तिकडून नाचणारे येतात. भिंतीसमोरचा तिचा खणखणीत आवाज परत आला होता. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात म्हणून टाकलं, झालं, विसरली पोर.

सकाळचं ऊन वर आलं होतं. ढोल जवळ आले आणि आधी नुसता आवाज आला. पुस्तकात जी अक्षरं बघून मी बाकावर पाय वर घ्यायचो, ती प्रत्यक्षात अशी ऐकू येतात. छन, छन, शेकडो घुंगरं एका ठेक्यात. मग टोप दिसले, मोरपिसांची रांगच्या रांग, उन्हात हिरवी-निळी. पुढच्या ओळीत सर होते. मी त्यांना चालीवरून ओळखलं. अंगभर राख, पांढरे ठिपके, आणि चेहऱ्यावर थकवा. किती दिवसांचं जागरण आणि उपास. मी काढला होता तो खदाखदा हसत नाचायचा. हे हसत नव्हते. हे कोणाला तरी काहीतरी परत करत होते, आणि नीट, सगळं परत करायचं म्हणून नाचत होते. पाच होळ्यांतली ही तिसरी. ज्या पोरीसाठी, ती माझ्या शेजारी उभी होती.

उभी नव्हती. मी खाली पाहिलं तेव्हा ती माझ्या मागे गेली होती. माझ्या शर्टाचं टोक तिने मुठीत धरलं होतं आणि कपाळ माझ्या पाठीला लावलं होतं. आजूबाजूला तिच्या शाळेतली पोरं होती. तिला वडील दिसू नयेत असं नव्हतं. वडिलांना ओळखताना ती कोणाला दिसू नये, असं होतं. साऱ्या मेळ्यात लपायला तिला माझीच पाठ सापडली.

सर आमच्या समोर आले. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या कमरेजवळ आलेली ती छोटी मूठ पाहिली. नाच थांबवता येत नाही. पाय ठेक्यातच राहिले, पण नजर क्षणभर त्या मुठीवर राहिली.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी बूट काढले. त्या म्हाताऱ्याने पायरीवर चपला काढल्या होत्या, तसेच. साखरेचा हार पुढे मातीत ठेवला आणि सगळ्यांसमोर, मी ज्याची नक्कल करून म्हसावदला पंगत हसवली होती, अगदी तसाच गुडघे टेकून वाकलो. कपाळाला धूळ लागली. मला वाटलं, ती बघेल. सर काढतील ते खरं असतं, तर सर करतील तेही खरं असेल.

पाठीमागून माझा शर्ट ओढला गेला.

“सर, उठा ना,” ती कुजबुजली. “पोरं बघून राहिलीत.”

मी मान वर केली तेव्हा सरांची ओळ पुढे निघून गेली होती, मागच्या टोपांत त्यांचा टोप ओळखू येईना. मुलीने खाली वाकून माझे बूट उचलले, झग्याने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या पायांपुढे जोडीने ठेवले.

“घाला,” ती म्हणाली.

मी घातले.